पाऊस विसरणारे शहर: दुबईचा जानेवारी २०२०

दुबईत पाऊस पडला की बातमी नेहमी एकाच सुरात येते: वाळवंटात पाऊस, म्हणजे आक्रीत घडले. जानेवारी २०२० मध्ये तर हा सूर टिपेला पोहोचला होता, कारण त्या महिन्यातला पाऊस संयुक्त अरब अमिरातीत १९९६ नंतरचा सर्वांत मोठा पाऊस ठरला. पाण्यात बुडालेल्या महागड्या गाड्यांची छायाचित्रे भारतात इतकी फिरली की गावाकडून येणाऱ्या प्रत्येक फोनवर तोच विषय असे. मी या शहरात इमारतींच्या देखभालीचे काम करतो. गच्ची, पंप, तळघर आणि लिफ्ट यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे. त्यामुळे त्या महिन्याकडे मी आक्रीत म्हणून पाहू शकत नाही. इथला पाऊस दुर्मीळ असला तरी परका नाही, तो या भूमीच्या हिवाळ्याचा जुना आणि ओळखीचा भाग आहे, आणि तरीही दर वेळी तो आपल्याला पहिल्यांदाच आल्यासारखा का वाटतो, याचा शोध आभाळापेक्षा शहराच्या वस्तीत घेतला पाहिजे, असे माझे मत आहे.

दुबईचा वर्षभराचा सरासरी पाऊस शंभर मिलिमीटरच्या आत आहे. मुंबईकर जुलैमध्ये एवढा पाऊस एका दिवसात पाहतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला जातो. पण इथे या सरासरीवर विसंबून काहीही ठरवणे धोक्याचे आहे, कारण सरासरीइतका पाऊस नेमाने पडला असे वर्ष क्वचितच येते. कित्येक हिवाळे चार शिंतोड्यांवर निघून जातात आणि मग एखाद्या हिवाळ्यात वर्षाचा, कधी दोन वर्षांचा पाऊस अठ्ठेचाळीस तासांत कोसळतो. कोरडी वर्षे आणि हे अठ्ठेचाळीस तास एकत्र करून भागाकार केला की कागदावर एक निरुपद्रवी आकडा उरतो. त्या आकड्याच्या भरवशावर रस्त्यांचे उतार काढले, गच्चीवरच्या जाळ्यांची संख्या ठरवली किंवा तळघरातल्या पंपाची क्षमता ठरवली, की पुढे काय होते ते त्या जानेवारीने दाखवले.

पूर्वी इथे राहणाऱ्या लोकांना हे कळत नव्हते असे मुळीच नाही. मासेमारी, मोत्यांसाठी बुड्या मारणे आणि उंट-शेळ्या पाळणे यांवर जगणाऱ्या किनाऱ्यावरच्या आणि वाळवंटातल्या माणसांकडे दिवस मोजण्याची स्वतःची पद्धत होती. ऑगस्टच्या उत्तरार्धात पहाटेच्या आभाळात दक्षिणेला सुहैल तारा दिसू लागला की त्यांचे मोजमाप सुरू होई आणि तिथून दहा-दहा दिवसांचे गट पाडून वर्ष मोजले जाई. या पद्धतीला दुरूर म्हणतात. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य, ज्याच्या उदयानंतर पावसाळ्याचे गढूळ पाणी निवळते असे आपल्याकडे मानतात. त्या गणनेत उकाडा कधी ओसरतो, समुद्र कधी खवळतो, चाळीस दिवसांची कडक थंडी कधी सुरू होते आणि कोणत्या दिवसांत पडलेल्या पावसाने चारा चांगला उगवतो, या सगळ्याला जागा होती. हिवाळ्यात पाऊस येऊ शकतो, आला तर ओढे फोडून येतो आणि वाडीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या, पात्रात तंबू ठोकायचा नसतो, हे त्या माणसांना कुणी वेगळे सांगावे लागत नव्हते.

पाऊस येतो कसा, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यावाचून पुढच्या गोष्टी सुट्या वाटतील. हिवाळ्यात वरच्या थरातले पश्चिमी वारे दक्षिणेकडे सरकतात आणि त्यांच्याबरोबर भूमध्य समुद्राच्या बाजूने थंड हवेचे द्रोण, म्हणजे कमी दाबाचे खोलगट पट्टे, पूर्वेकडे प्रवास करतात. आपल्याकडे नाशिकचा द्राक्षबागायतदार ज्याला पश्चिमी झंजावात म्हणून ओळखतो आणि ज्याच्या बातम्या तो डिसेंबर-जानेवारीत श्वास रोखून वाचतो, तेच हे प्रकरण. त्याच वेळी सुदान आणि तांबड्या समुद्राकडून कमी दाबाचा एक पट्टा अरबस्तानात घुसतो आणि अरबी समुद्रावरची दमट हवा उत्तरेकडे ओढून घेतो. खाली दमट आणि उबदार हवा, वर थंड हवा, आणि पूर्वेला हजर पर्वताची भिंत, अशी स्थिती जमून आली की गडगडाटी ढग तयार होतात. बहुतेक वेळा यातले काहीतरी कमी पडते. द्रोण उत्तरेकडूनच निघून जातो किंवा दमट हवा पुरेशी पोहोचत नाही, आणि दुबईच्या वाट्याला एक ढगाळ दिवस, थोडा गारवा आणि मोटारींच्या काचांवर धुळीचे ठिपके एवढेच येते. जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात यातले काहीच कमी पडले नाही.

गुरुवारी, ९ जानेवारीला, आभाळ भरून आले होते. शुक्रवारी पाऊस सुरू झाला तेव्हा लोक खूश होते, आणि त्यांनी खूश का नसावे? आठ महिने उन्हात भाजून निघालेल्या शहरात ओल्या मातीचा वास येतो तेव्हा माणसे बाल्कनीत येऊन उभी राहतात. कफतेरियांवर चहा आणि पराठ्यांसाठी रांगा लागल्या. मुले सोसायटीच्या आवारात मुद्दाम भिजत होती आणि त्यांना कुणी रागावत नव्हते. त्या काळी इथे शुक्रवार-शनिवारची सुट्टी असे, त्यामुळे कामावर जाण्याची घाईही नव्हती. शनिवारी, ११ जानेवारीला, पहाटेपासून जो पाऊस लागला त्याने मात्र ही मजा संपवली. शेख झायद रोडवर पाणी साचले, गाड्या बंद पडल्या, विमानतळावर पाणी शिरून उड्डाणे रखडली आणि काही विमाने जबल अलीजवळच्या अल मक्तूम विमानतळाकडे वळवावी लागली.

आमच्याकडे देखभालीसाठी असलेल्या इमारतींपैकी बर दुबईतल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर मी त्या सकाळी उभा होतो. पावसाळी प्रदेशातल्या इमारतीची गच्ची आणि इथली गच्ची यांत मोठा फरक आहे. इथे गच्ची म्हणजे मुख्यतः वातानुकूलन यंत्रे ठेवण्याची जागा. पाण्याचे उतार असतात, पण ते क्षीण असतात. पाणी बाहेर जाण्याच्या जाळ्या असतात, पण दहा-अकरा महिने त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. त्या दिवशी पाण्यात हात घालून मी एका जाळीवरचा थर उपसला. वाऱ्याने आणलेली बारीक वाळू, कबुतरांची पिसे, डिशच्या जुन्या केबलींचे वेष्टण आणि उन्हाने कुरतडलेल्या सीलंटचे तुकडे यांचा तो थर उन्हाळाभर भाजून फरशीसारखा टणक झाला होता आणि तो फोडायला छिन्नी लागली. जाळी मोकळी होईपर्यंत पाणी घोट्याच्या वर आले होते. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार लिटर पाणी होते, आणि त्याला जाळीतून वाट मिळाली नाही तर ते जिन्याच्या दारातून, केबलींच्या भोकांतून आणि प्रसरण-सांध्यातून, म्हणजे काँक्रीटला पसरायला ठेवलेल्या फटीतून, वाट काढते. त्या इमारतीत पाण्याने या तिन्ही वाटा घेतल्या.

वरून येणारे पाणी निदान दिसते. खालून येणारे पाणी अधिक त्रासदायक असते. दुबईचा किनाऱ्यालगतचा भाग सपाट आहे, जमिनीखाली थोड्याच खोलीवर खारे पाणी आहे आणि काही ठिकाणी तर मुळात खारट चिखलाची सबखा जमीन होती. वाळू म्हटली की पाणी जिरणार असे आपल्याला वाटते, परंतु ज्या वाळूखाली पाणी आधीच भरलेले आहे आणि जिच्यावर डांबर, काँक्रीट आणि फरशा आहेत ती वाळू काय जिरवणार? जुन्या वस्त्यांमध्ये पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या पुरेशा नव्हत्या आणि जिथे होत्या तिथेही वाळू भरलेली होती. मग शेवटचा उपाय म्हणजे टँकर. पाऊस पडून गेला की शहरभर टँकर उभे राहतात, त्यांचे जाड नळ पाण्यात सोडले जातात आणि पाणी अक्षरशः उपसून दूर नेले जाते. त्या आठवड्यात टँकर मिळवण्यासाठी आम्ही जितके फोन केले तितके एरवी वर्षभरात करत नसू. आमच्या तळघरात दोन पंप होते. एक चालू होता. दुसरा पंप वाळूने जाम झाला होता, आणि लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरल्यामुळे लिफ्ट बंद ठेवाव्या लागल्या. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजींची औषधे आमचा नातूर जिन्याने घेऊन जात होता. इमारतीच्या रखवालदाराला इथे नातूर म्हणतात, आणि संकटाच्या दिवशी एखादी इमारत कशी चालते हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

हे सांगताना एक गोष्ट मला ठामपणे नोंदवायची आहे. पाण्यात बुडालेल्या स्पोर्ट्स कारची छायाचित्रे जगभर पोहोचली. परंतु त्या दिवसांत गुडघाभर पाण्यातून मोटारसायकल ढकलत जेवणाचे डबे पोहोचवणारी मुले, सोनापूर आणि अल कूझ भागातल्या कामगारांच्या वसाहतींमधले पाणी शिरलेले आवार, आणि ओल्या बुटांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसमध्ये चढणारे मजूर यांची छायाचित्रे क्वचितच कुणी काढली. पाऊस सर्वांवर सारखा पडतो, पण ज्याच्याकडे कपड्यांचे दोनच जोड आहेत त्याच्यावर तो फार वेगळा पडतो. आमच्या टाकी-सफाईच्या पथकातले दोघे त्या आठवड्यात तापाने आजारी पडले आणि तरी कामावर येत राहिले, कारण सुट्टीचा पगार कापला जाईल ही भीती होती. मी त्यांना घरी पाठवले. पण सगळीकडे असे सांगणारा कुणी असेलच असे नाही.

रविवारी रात्री आमच्या तळघरातले पाणी उपसायला आलेल्या टँकरचा चालक पाकिस्तानातल्या क्वेट्ट्याकडचा होता. नळ पाण्यात सोडून झाल्यावर तो एका कोपऱ्यात फोनवर काहीतरी पाहत उभा होता. त्याने मला तो फोन दाखवला. त्याच्या गावात मातीच्या छपरांवर मांडीएवढे बर्फ साचले होते आणि काही माणसे फावड्यांनी ते खाली ढकलत होती. “इथे तुम्ही पाणी उपसताय, तिकडे माझा भाऊ छपरावरून बर्फ उपसतोय,” असे तो म्हणाला. त्या बर्फाच्या ओझ्याने बलुचिस्तानात घरांची छपरे कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी वाचल्या. इराणच्या सिस्तान-बलुचिस्तान प्रांतात त्याच दिवसांत मोठे पूर आले होते. त्यानंतर पाकव्याप्त काश्मीरमधल्या नीलम खोऱ्यात हिमकडे कोसळले आणि सत्तरहून अधिक माणसे त्यांत गेली. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर दुबई, मकरानचा किनारा, क्वेट्टा आणि काश्मीर हा सगळा एकाच प्रवासाचा मार्ग आहे. दुबईत ज्या हवेने आमचे तळघर भरले तिनेच पुढे जाऊन डोंगरांत बर्फ पाडले. हे कळल्यावर ‘दुबईतले आक्रीत’ हा शब्दप्रयोग मला अपुरा वाटू लागला, कारण हे एका शहराचे हवामान नव्हतेच.

हा मार्ग तिथेही थांबत नाही. आमची थोडी द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऐन छाटणीनंतरच्या नाजूक दिवसांत, अरबी समुद्रात आधी क्यार आणि मागोमाग महा अशी दोन चक्रीवादळे आली आणि त्यांच्या पावसाने नाशिक जिल्ह्यात घडांची गळ आणि कूज झाली. त्याच क्यारच्या लाटांनी दूर इकडे ओमानच्या आखाताच्या किनाऱ्यावर, फुजैरा आणि कल्बा भागात, रस्त्यांवर समुद्राचे पाणी आले होते. भारतीय हवामान विभागाच्या नोंदीनुसार २०१९ मध्ये अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली, आणि एरवी तिथे वर्षाला सरासरी एखादेच होते. त्यामुळे जानेवारीत माझ्या वडिलांचा, नानांचा, फोन आला तेव्हा त्यांना बुडालेल्या गाड्यांमध्ये रस नव्हता. “तुमच्याकडचे ढग इकडे सरकायचे नाहीत ना?” एवढेच त्यांनी विचारले. ढग आले नाहीत. पण उत्तरेत बर्फ पडून गेल्यावर थंड वारे खाली उतरले आणि १७ जानेवारीला मुंबईत सांताक्रूझला किमान तापमान ११.४ अंशांवर आले, तर निफाडला पारा तीन अंशांच्याही खाली गेला. मण्यांत पाणी उतरण्याच्या दिवसांत अशी थंडी पडली की मणी तडकतात. नाना आणि दादा पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवत होते आणि मुळांना ऊब मिळावी म्हणून ठिबक चालू करत होते. दादा फोनवर सांगत होता की धूर बागेवर बसून राहावा म्हणून ओला पालापाचोळा जाळावा लागतो आणि डोळ्यांची आग आग होते. मी दुबईत पंप चालवत होतो आणि तो निफाडात ठिबक. हवामानाच्या एकाच मोठ्या हालचालीची ही दोन टोके होती, हे मला त्या फोनवर लख्ख दिसले.

मधल्या दिवसांत भोगी आणि संक्रांत येऊन गेली. १५ जानेवारीला संक्रांत होती. करामातल्या भाजीच्या दुकानांसमोर अजून चिखल होता, तरी हरभऱ्याचे घाटे, बोरे, गाजरे आणि उसाचे तुकडे आले होते आणि भोगीची भाजी घरोघर झालीच. ती भाजी आणि तिळाची बाजरीची भाकरी ही थंडीची जेवणे आहेत. दुबईत एरवी ती परंपरा म्हणून खाल्ली जातात, त्या वर्षी ती भूक लागून खाल्ली गेली. महिन्याच्या उत्तरार्धात वायव्येकडून शमाल वाहू लागला, समुद्र खवळला आणि रात्री खिडक्या बंद कराव्या लागल्या. सकाळी दाट धुके पडले की बुर्ज खलिफाचा केवळ वरचा भाग धुक्याबाहेर दिसे. दुबईसमोरचे पर्शियन आखात उथळ आहे, त्याची सरासरी खोली पस्तीस मीटरच्या आसपास, त्यामुळे त्याचे पाणी लवकर थंड होते, आणि ओलावलेल्या जमिनीवर ही धुकी अधिकच रेंगाळतात.

आता वस्तीविषयी. पाऊस ओसरल्यावर मीना बाजारातल्या एका सिंधी कापड-व्यापाऱ्याकडे आमच्या कंपनीच्या कामासाठी गेलो होतो. त्यांचे कुटुंब तेल सापडण्याच्या आधीपासून इथे आहे. दुकानातले सगळे तागे त्यांनी गुरुवारी रात्रीच वरच्या फळ्यांवर हलवले होते, त्यामुळे त्यांचे काहीच नुकसान झाले नाही. आजूबाजूच्या नव्या दुकानदारांचे मात्र बरेच झाले. तागे आधीच हलवायचे कसे सुचले, असे विचारल्यावर त्या व्यापाऱ्यांनी दुकानाच्या मागच्या भिंतीवरची एक पुसट रेघ दाखवली. १९९६ मध्ये पाणी तिथपर्यंत आले होते आणि त्यांच्या वडिलांनी भिंतीला रंग देताना तेवढी पट्टी मुद्दाम सोडायला लावली होती. आभाळाचा रंग आणि वाऱ्याची दिशा पाहून त्यांना ती रेघ आठवली. रेघ पाहून मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, कारण या शहरात अशी रेघ मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यात दुबईची लोकसंख्या सात लाखांच्या आसपास होती. २०२० च्या सुरुवातीला ती तेहतीस लाखांच्या वर गेली होती. तिच्यातले बहुसंख्य लोक परदेशी आहेत, आणि परदेशी माणूस इथे व्हिसाच्या मुदतीत राहतो. काही वर्षे काम करतो, पैसे साठवतो आणि परत जातो किंवा पुढच्या देशाकडे निघतो. त्यामुळे १९९६ चा पाऊस पाहिलेला माणूस २०२० मध्ये शेजारी असण्याची शक्यता फारच थोडी. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात पुराची खूण दाखवणारा एखादा म्हातारा असतो, नदीकाठच्या देवळाच्या पायरीवर पाणी कुठवर आले ते सांगणारे दहा जण असतात. २००५ च्या २६ जुलैविषयी मुंबईत आजही प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी आहे आणि कुठला रस्ता आधी भरतो हे रिक्षावाल्यालाही ठाऊक असते. दुबईत हे ज्ञान माणसांबरोबर विमानात बसून निघून जाते. इमारतीचे मालक बदलतात, देखभालीचे कंत्राट बदलते, अभियंता बदलतो आणि नातूरही बदलतो. मी आमच्या इमारतीची जुनी कागदपत्रे चाळली तेव्हा त्यांत वातानुकूलनाच्या दुरुस्तीची नोंद महिन्यागणिक होती, पण आधीच्या एखाद्या पावसात तळघरात किती पाणी आले होते याविषयी एक ओळही नव्हती. मार्च २०१६ मध्येही मोठे वादळ झाले होते, त्याचाही उल्लेख नव्हता. हवामान खात्याकडे मोजमाप असते, पण कोणत्या दारातून पाणी आत आले हे हवामान खाते सांगू शकत नाही.

प्रत्येक मोठ्या पावसानंतर इथे ढगांवर मीठ फवारण्याची चर्चा होते, म्हणून त्याविषयीही दोन वाक्ये. अमिरातीचा हा कार्यक्रम जुना आहे, त्याची विमाने मुख्यतः अल ऐनहून उडतात आणि आधीच तयार झालेल्या योग्य ढगांत क्षारांच्या नळकांड्या पेटवून पाऊस थोडा वाढवण्याचा प्रयत्न करतात. ओमानपासून काश्मीरपर्यंत पसरलेली वाऱ्यांची हालचाल कोणतेही विमान निर्माण करू शकत नाही. तरीही लोकांना हा खुलासा प्रिय आहे, कारण पाऊस माणसाने पाडला असे मानले की तो पुन्हा येईल या शक्यतेची तयारी करावी लागत नाही.

फेब्रुवारीत एका सुट्टीच्या दिवशी आम्ही अल ऐनच्या वाटेवर वाळवंटात गेलो. ज्यांनी हा महिना फक्त शहरात पाहिला त्यांनी त्याची अर्धीच बाजू पाहिली असे मी म्हणेन. एरवी पिवळी-तांबडी दिसणारी वाळू जवळून पाहिली तर हिरव्या केसाळ कोंबांनी भरलेली होती. वाळूच्या उतारांवर गोखरूसारखी पिवळी फुले पसरली होती, सखल जागी रुईची झुडपे टवटवीत होती आणि इंद्रावणाचे वेल हातभर लांब पसरून त्यांना कळ्या धरल्या होत्या. ही तिन्ही झाडे आपल्या माळरानावरही आहेत, त्यामुळे इथे परके वाटत नाही. आणि गाफ! अमिरातीचा हा राष्ट्रीय वृक्ष म्हणजे आपली शमी, पांडवांनी जिच्यावर शस्त्रे लपवली ती. वर्षानुवर्षे पाऊस नसताना खोल मुळांवर उभी राहणारी शमी त्या दिवशी धूळ धुऊन निघाल्यामुळे इतकी स्वच्छ दिसत होती की तिच्या पानांचा खरा रंग मला तेव्हा कळला. तिच्या बुंध्याजवळ ओलसर वाळूवर माझ्या मुलीला एक तांबडा मखमली किडा सापडला, अगदी आपल्या मृगाच्या किड्यासारखा. ती गुडघ्यांवर बसून बराच वेळ त्याच्या मागे मागे सरकत होती. तो किडा वाळूखाली पावसाची वाट पाहत असतो आणि पाऊस आला की वर येतो. उंटांचा एक राखणदार शेजारी येऊन बसला आणि त्याने समाधानाने सांगितले की यंदा दोन महिने तरी चारा विकत आणावा लागणार नाही. हा पाऊस त्याच्या दृष्टीने आक्रीत नव्हता. तो उशिरा आलेला हक्काचा पाऊस होता.

१६ एप्रिल २०२४ ला जे झाले ते बहुतेकांना आठवत असेल. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला, १९४९ पासूनच्या नोंदींत इतका पाऊस कधीच नोंदला गेला नव्हता, आणि दुबईत कित्येक दिवस वस्त्यांमधले पाणी हटले नाही. त्यानंतर त्याच वर्षी सरकारने तसरीफ नावाचा पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा ३० अब्ज दिरहमचा प्रकल्प जाहीर केला, जो २०३३ पर्यंत पूर्ण व्हायचा आहे. त्यातून शहराची निचऱ्याची क्षमता सात पटींनी वाढेल असे सांगितले जाते. हा निर्णय मला मनापासून आवडला. इतका मोठा खर्च इतक्या दुर्मीळ गोष्टीसाठी करणे म्हणजे ती गोष्ट पुन्हा येणार हे मान्य करणे आहे, आणि २०२० मध्ये नेमके हेच मान्य झालेले मला हवे होते.

सरकारी वाहिन्या रस्त्यापर्यंत येतील. गच्चीवरची जाळी मात्र इमारतीलाच साफ करावी लागेल. आमच्याकडे आता दर वर्षी ऑक्टोबरच्या आत सगळ्या जाळ्या उपसल्या जातात, दोन्ही पंप पाण्यात बुडवून चालवून पाहिले जातात आणि प्रसरण-सांध्यांचे सीलंट तपासले जाते. जानेवारी २०२० नंतर मी प्रत्येक इमारतीसाठी एक साधी वही सुरू केली. तीत पावसाची तारीख, पाणी कोणत्या दारातून आले, तळघरात कोणत्या खांबापर्यंत पोहोचले, कोणता पंप बंद पडला, टँकर किती वाजता आला आणि कुणाच्या घरी औषधे पोहोचवावी लागली, एवढे लिहिलेले असते. बर दुबईच्या इमारतीत तळघरातल्या खांबांवर आम्ही रंगाने रेघाही ओढल्या आहेत, २०२० ची निळी आणि २०२४ ची तिच्या बरीच वर, तांबडी. मागच्या वर्षी ते कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेले. वही मी नव्या अभियंत्याच्या हातात दिली. तो कोइम्बतूरचा तरुण आहे, दुबईत नुकताच आलेला. त्याने ती चाळली आणि पहिला प्रश्न विचारला तो दुसऱ्या पंपाविषयी.